बेनिन म्हणजे नेमके कोणते बेनिन?

पश्चिम आफ्रिकेचा इतिहास निवडणाऱ्यांना नकाशा ठाऊक असतोच, म्हणून टोगो आणि नायजेरिया यांच्यामधल्या, समुद्रापासून उत्तरेस नायजर नदीपर्यंत गेलेल्या बेनिन या अरुंद देशाची ओळख मी करून देत नाही. मी चुकलो तो त्याच्या नावापाशी, आणि ते आठवले की अजूनही वाईट वाटते.

एम.ए.च्या प्रबंधिकेत ब्रिटिशांनी १८९७ मध्ये बेनिन शहरातून लुटून नेलेल्या पितळी फलकांवर मी चाळीस पाने लिहिली आणि ती कला बेनिन प्रजासत्ताकाची म्हणून मांडली. वस्तुतः ते शहर, तिथला ओबा म्हणजे राजा आणि त्याचे एदो लोक हे सारे आजच्या नायजेरियात येतात. बेनिन प्रजासत्ताक १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाले तेव्हा त्याचे नाव दाहोमे होते. परंतु दाहोमे हे मुळात दक्षिणेतल्या फोन लोकांच्या राज्याचे नाव असल्यामुळे १९७५ मध्ये तेव्हाचे लष्करी शासक केरेकू यांच्या राजवटीने ते बदलले आणि किनाऱ्यालगतच्या उपसागराचे नाव देशाला दिले.

लूट दाहोमेतही झाली, म्हणून गोंधळ वाढतो. ती फ्रेंचांनी १८९२ मध्ये दाहोमे राज्याची राजधानी अबोमे इथल्या राजवाड्यांतून केली, आणि तिच्यातल्या २६ वस्तू फ्रान्सने २०२१ मध्ये परत केल्या. बेहान्झिन राजाचा लाकडी पुतळा त्यांतलाच आहे: वर शार्क माशाचे तोंड, खाली माणसाचे पाय. तेव्हा 'बेनिनची लूट' असे वाचले की कोणी लुटले आणि कोणत्या शहरातून, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाजारातल्या तयार नोट्स वापरू नका, असे मी स्पष्टच सांगतो, कारण माझी चूक तिथूनच आली होती. माझ्या मार्गदर्शकांनी प्रत्येक प्रकरणावर न वाचता सही केली. 'हे शहर नकाशावर दाखव' एवढे म्हणणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याला सोडू नका.

मात्र धीरही सोडू नका. मी ती चाळीस पाने काढून टाकली आणि चार महिन्यांत अबोमेवर नव्याने लिहिले. फ्रेंच येत नसल्याची धास्ती वाटेल, पण शब्दकोश हाताशी ठेवून रोज एक पान वाचले तरी वाट सापडते. ग्रंथालयात जाल तेव्हा १९७५ पूर्वीची पुस्तके 'बेनिन'खाली शोधू नका. मला ती 'दाहोमे' या नावाखाली, कोणी हात न लावलेल्या एका कप्प्यात मिळाली.