एआयच्या भरवशावर कामाचे आणि पैशाचे निर्णय? या चुका टाळा

एआयचं उत्तर इतक्या सफाईदार भाषेत येतं की ते पडताळून पाहावंसं वाटतच नाही. पैशाच्या बाबतीत नेमकं हेच महागात पडतं.

चॅटबॉटने केलेला हिशेब जसाच्या तसा धरणं

चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधतं, ते मुळात कॅल्क्युलेटर नाही. काही साधनं आता हिशेबासाठी पडद्यामागे प्रोग्राम चालवतात, पण तुमच्या प्रश्नाला तो चालवला की नाही, हे दर वेळी कळत नाही. समजा १,००,००० ची रक्कम ८ टक्के चक्रवाढ व्याजाने १० वर्षं ठेवली. तिचे २,१५,८९२ होतात. हा आकडा बरोबर आला, तरी पुढचा भाग राहतोच. महागाई दरसाल ६ टक्के धरली, तर आजच्या हिशेबाने त्या रकमेची किंमत साधारण १,२०,५०० भरते, आणि व्याजावरचा कर अजून वजा व्हायचा असतो. तुम्ही विचारलं नाही, तर हे सगळं उत्तरात येईलच असं नाही.

म्हणून उत्तराऐवजी सूत्र मागा, कोणती गृहीतकं धरली ते विचारा आणि आकडे स्वतः स्प्रेडशीटमध्ये भरा. कराचे नियम आणि व्याजदर मात्र मूळ ठिकाणीच पाहा. आणि हो, खातेक्रमांकासकट बँकेचं स्टेटमेंट चॅटमध्ये टाकू नका.

न तपासता सही करणं

२०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दाखल केले. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. मसुदा कुणीही लिहो, जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते.

घाबरून कर्ज काढून कोर्स करणं

एआयचे नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवायला हवं, कारण ते काम लवकरच एआय जास्त चांगलं करेल. रेडिओलॉजिस्ट आजही लागतातच. इतका मोठा तज्ज्ञ चुकू शकतो, तर जाहिरातीतल्या भाकितावर कर्ज काढू नये, असं मला मनापासून वाटतं. आधी आपल्या आठवड्याभराच्या कामांची यादी करा. त्यातलं कोणतं काम यंत्र करू शकतं आणि कशाला तुमचीच पारख लागते, हे वेगळं काढा. शिकायचं काय, ते त्यातूनच कळेल. तोवर काही महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम बाजूला टाकत राहा.

ओळखीचा आवाज ऐकून पैसे पाठवणं

२०२४ मध्ये उघड झालेल्या हाँगकाँगच्या प्रकरणात, अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांचे चेहरे पाहून सुमारे २.५ कोटी डॉलर पाठवले. ते चेहरे आणि आवाज एआयने बनवलेले, बनावट होते. घाईने पैसे मागणारा फोन आला, तर तो बंद करा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर उलट फोन लावा. घरच्यांशी एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवा. ‘एआयमुळे हमखास नफा’ म्हणणाऱ्यांनाही दारातूनच परत पाठवा.

पैसे गेलेच असतील, तर लाजेपोटी थांबू नका. लगेच बँकेला कळवा, व्यवहार अडवायला सांगा, पासवर्ड बदला आणि स्क्रीनशॉट जपून ठेवून पोलिसांत तक्रार करा.