हृदयाच्या तपासण्या एकत्र करताना या चुका टाळा

सोलापुरात छातीत जळजळलं की आधी पित्तावर संशय. मग एकाकडे ईसीजी, दुसरीकडे टू-डी एको, पट्ट्यावर चालवून टीएमटी, शेवटी कुणीतरी म्हणतं, 'पुण्याला जाऊन सीटी अँजिओ करून घ्या.' पिशवीत रिपोर्ट साठत जातात, पण रक्तवाहिनीत अडथळा आहे का आणि असला तर त्याचा हृदयाला त्रास होतोय का, हे कळतच नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच तपासणीकडून दोन्हींची उत्तरं मागणं ही सर्वांत मोठी चूक.

सीटी अँजिओ वाहिनी दाखवते: कुठे अरुंद आहे, किती, आत साचलेला थर कॅल्शियमचा की मऊ. स्ट्रेस एको, थॅलियम स्कॅन आणि स्ट्रेस एमआरआय मात्र ताण आल्यावर स्नायूला रक्त पुरतं का, ते पाहतात. उजनीच्या कालव्याचं दार अर्धं मिटलं, म्हणून शेत वाळलंच असं नाही. म्हणून सीटीत 50 ते 70 टक्के अडथळा दिसला, तर पुढचा प्रश्न 'स्टेंट कधी?' हा नसतो. 'स्नायू उपाशी राहतोय का?' हा असतो. इथे स्ट्रेस तपासणी खरी उपयोगी पडते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात स्थिर आजाराच्या रुग्णांवर चांगल्या औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी किंवा बायपास लगेच केल्याने मृत्यू वा झटके ठळकपणे कमी झाले नाहीत. मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण मात्र त्यात नव्हते.

उलटी चूक जास्त धोक्याची. थॅलियम नॉर्मल, म्हणजे वाहिन्या साफ, असं धरू नका. हा स्कॅन स्नायूच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना करतो. तिन्ही वाहिन्यांत सारखाच अडथळा असेल, तर सगळंच शेत सारखं वाळतं आणि तुलनेत काही दिसत नाही. लक्षणं पक्की आणि थॅलियम नॉर्मल, असा मेळ बसत नसेल तर सीटी अँजिओबद्दल विचारा. शिवाय अडथळा छोटा असला, तरी थर दिसला की औषधांची दिशा बदलते. स्कॉटलंडमधील 'स्कॉट-हार्ट' अभ्यासात 4,146 रुग्ण होते. सीटीची जोड मिळालेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू वा झटका 2.3 टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात 3.9 टक्के.

कॅल्शियम स्कोर, म्हणजे सीटीत मोजलेलं वाहिन्यांतलं कॅल्शियम, शून्य आला म्हणून छातीतलं दुखणं सोडून देऊ नका. मऊ थरात कॅल्शियम नसतं, तरुण रुग्णांत तर हे विशेष. उलट स्कोर खूप जास्त असला तर कॅल्शियमची चमक चित्रात पसरून अडथळा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. अशा वेळी स्ट्रेस तपासणीचं मत जास्त भरवशाचं.

विडी वळणाऱ्या मावशींची धाप, पाठीतला आणि जबड्यातला ताण थकव्यावर ढकलू नका. बायकांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त, आणि थॅलियममध्ये स्तनांची सावली पडून खोटा डाग दिसू शकतो. त्यामुळे एका रिपोर्टवर निकाल लावू नये.

आता तयारी. इथे खूप तपासण्या वाया जातात. सीटीला ठोके साधारण 60च्या आसपास हवेत, त्यासाठी ठोके कमी करणारी बीटा-ब्लॉकरची गोळी देतात. व्यायामाच्या किंवा डोब्युटामाइन या ठोके वाढवणाऱ्या औषधाच्या स्ट्रेस तपासणीआधी हीच गोळी अनेकदा थांबवावी लागते. दोन्ही एकाच आठवड्यात असतील तर तारखा आणि गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या; स्वतःहून काहीही बंद करू नका. अ‍ॅडेनोसिनसारख्या औषधाने स्ट्रेस देणार असतील तर साधारण 24 तास चहा-कॉफी बंद. यंत्रमागावर पाळी करणाऱ्याला हे जड जातं, पण एक कप चहासुद्धा निकाल बिघडवू शकतो. सीटीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असल्याचं सांगा. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर लाज न बाळगता बोला, कारण सीटीआधी जिभेखाली दिलं जाणारं नायट्रोग्लिसरीन त्यासोबत धोकादायक ठरतं.

जुन्या सीटीचा कागदच नव्हे, चित्रांची सीडीही न्या. दोन्ही तपासण्या शेजारी ठेवून पाहणारा डॉक्टर एकच असू द्या.

हे सगळं शांतपणे तपासायच्या दुखण्याबद्दल. छाती आवळून घाम फुटतोय, विश्रांतीनेही थांबत नाही, तर कुठल्याही स्कॅनची तारीख घेऊ नका. 108ला फोन करा.