बर्फावर जाण्याआधी: ठाणे-नवी मुंबईच्या ट्रेकर्ससाठी हिमस्खलनाची तयारी

सह्याद्रीत वर चढायला आपण नाळ शोधतो, कातळाखाली सपाटी दिसली की मुक्काम टाकतो आणि सगळे एका ओळीत गप्पा मारत चालतो. हिवाळ्यातल्या हिमालयात या तिन्ही सवयी अंगाशी येतात. वरून सुटलेला बर्फ घळीतच येऊन साचतो. थोडा सुटला तरी माणूस खोल गाडला जातो. तिथे वाट धारेवरून किंवा रुंद सोंडेवरून काढायची. घातक उतार टाळता येत नसेल तर एकेकाने पार करायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची.

सगळ्यात आधी उतार मोजा. बहुतेक घातक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही 38 च्या आसपास जास्त. ट्रेकिंग पोल उतारावर वरून खाली टेकवा आणि कोन मोजणारं अ‍ॅप चालू करून मोबाइल त्यावर ठेवा. येऊर किंवा पारसिकच्या चढावर हा सराव करता येतो: आधी डोळ्यांनी अंदाज, मग मोजणी. अंदाज किती चुकतो ते तिथेच कळेल. पायाखाली सपाटी असली तरी वर काय आहे ते बघा. 28 फेब्रुवारी 2025 रोजी उत्तराखंडात माणाजवळ हिमस्खलन आलं ते रस्त्याच्या कामगारांच्या कॅम्पवर; त्यातलं कुणी डोंगर चढत नव्हतं.

नवा बर्फ पडत असताना आणि थांबल्यावर पहिले एक-दोन दिवस धोका सर्वात जास्त. म्हणजे वादळानंतरची ती निळी, फोटोला साजेशी सकाळच फसवी. 24 तासांत 30 सेंटिमीटर बर्फ पडला असेल तर तीव्र उतारांचा विचार सोडा. बर्फ पडला नाही तरी वारा एका बाजूचा उचलून धारेपलीकडे थापतो. तो थर कडक लागतो आणि पाटीसारखा अख्खा सुटतो. थंड, कोरड्या भागात तळाशी सुटे दाणेदार थर तयार होतात, ते आठवडेच्या आठवडे तसेच कमकुवत राहतात. चालताना पायाखाली ‘व्हूम्फ’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून तडा पळत गेला तर चर्चा नको, आलात त्याच वाटेने मागे फिरा. वसंतात दुपारच्या उन्हाने बर्फ ओला होतो. घोट्यापर्यंत पाय रुतायच्या आत तीव्र उतार मागे पडलेले हवेत.

चंदीगडची डीआरडीओची संस्था डीजीआरई हिमस्खलनाचे इशारे देते. ते जरूर बघा, पण इशारा मोठ्या पट्ट्याचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा निवाडा तुम्हालाच करायचा आहे.

प्रत्येकाकडे बीकन (अंगावर बांधायचा, रेडिओ संकेत पाठवणारा आणि शोधणारा छोटा संच), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब, घडीची काठी) आणि धातूचं फावडं हवं. या तिन्हींपैकी एक नसेल तर बाकी दोन जवळपास निरुपयोगी. बीकन 457 किलोहर्ट्झवर चालतो. बीकन संकेत पाठवत असताना मोबाइल त्यापासून 20 आणि शोधत असताना 50 सेंटिमीटर दूर ठेवा. बहुतेक बीकनना अल्कलाइन सेलच लागतात, रिचार्जेबल नको. सराव खारघरच्या सेंट्रल पार्कसारख्या मोकळ्या जागी करा, पण हाय-टेन्शन तारांपासून लांब, नाहीतर बीकनवरचे अंतराचे आकडे नाचतात. एकाने बीकन पिशवीत घालून पालापाचोळ्यात लपवावा, दुसऱ्याने शोधावा, तिसऱ्याने घड्याळ लावावं. गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, आणि बाहेरची मदत तोवर पोहोचत नाही.

बीकनचा आकडा सर्वात लहान होतो तिथून प्रोब सुरू करा: उताराला काटकोनात, 25 सेंटिमीटरच्या अंतराने, गोल फिरत बाहेर. माणूस लागला की प्रोब उपटू नका. खड्डा डोक्यावरून उभा खणायचा नाही. प्रोबच्या खालच्या बाजूने आत शिरायचं आणि आधी तोंड, मग छाती मोकळी करायची.