रेडिओसाठी मुलाखत घेताना

पाहुण्याचं पुस्तक किंवा भाषण मुळातून वाचा. नुसत्या प्रस्तावनेवर भागवलं तर दुसऱ्याच उत्तराला तुमची तयारी उघडी पडते. अर्ध्या तासाला आठ-दहा प्रश्न पुरतात. प्रश्न एका श्वासात संपावा, त्यात एकच गोष्ट असावी. दोन प्रश्न जोडून विचारले की पाहुणा, त्यातही राजकारणी, सोपा तेवढा उचलतो. ‘तुम्हाला असं वाटत नाही का?’ याचं उत्तर हो-नाहीवर आटपतं. ‘हा निर्णय कसा झाला?’ विचारलं तर प्रसंग हाती लागतो.

माइक तोंडापासून १५ सेंमीवर, किंचित तिरका ठेवा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. रेकॉर्डरच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. पंखा, फ्रिज बंद. (फ्रिज पुन्हा सुरू करायला हमखास विसरतात, म्हणून घराच्या किल्ल्या त्यातच ठेवा.)

‘हं, हं’ म्हणू नका, मान हलवा. उत्तरावर पडलेला हुंकार संपादनात वेगळा काढणं कठीण. उत्तर संपल्यावर तीन सेकंद गप्प राहा. पुष्कळदा खरं ते तेव्हाच येतं. उठण्याआधी खोलीची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. कापाकापीचे सांधे झाकायला ती लागते.