यान हुसचा खटला वाचायचा कसा

चर्चच्या शिकवणुकीला आव्हान देणारे म्हटलं की शाळेच्या पुस्तकामुळे आपल्याला थेट मार्टिन ल्यूथर आणि त्याने पोपच्या चर्चविरुद्ध आवाज उठवला ते १५१७ साल आठवतं. माझं म्हणणं, सुरुवात त्याच्या शंभर वर्षं आधीच्या यान हुस या चेक धर्मोपदेशकापासून करा. प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमध्ये १४०२ पासून हा माणूस लोकांच्या चेक भाषेत प्रवचन करायचा, पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांविरुद्ध १४१२ मध्ये उघड बोलला आणि ६ जुलै १४१५ ला कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने पाखंडी ठरवल्यावर त्याला जिवंत जाळलं.

आधी चरित्र नका वाचू, आरोप वाचा. वहीत दोन रकाने पाडा, एकात तो खरंच जे म्हणाला ते, दुसऱ्यात नुसतं त्याच्या नावावर टाकलेलं. आता एकेक आरोप घ्या. इंग्लंडचा जॉन विक्लिफ म्हणायचा की मिस्सातली, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतली, भाकर आशीर्वादानंतरही भाकरच राहते (चर्च म्हणायचं ती ख्रिस्ताचं शरीर होते), आणि हुसने विक्लिफची बाजू घेतलेली म्हणून हाही आरोप त्याच्या माथी मारला, पण मी हे कधीच शिकवलं नाही असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला, म्हणजे दुसरा रकाना. चर्चचं मस्तक ख्रिस्त आहे, पोप नाही, हे मात्र त्याच्या १४१३ च्या चर्चवरच्या ग्रंथात आहे, तो पहिला रकाना. शेवटच्या दिवशी तर तो स्वतःला त्रैक्यातली, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाच्या तीन व्यक्तींमधली, चौथी व्यक्ती म्हणवतो असाही आरोप वाचला गेला! असं कोण सांगतंय त्याचं नाव सांगा, हुस म्हणाला, पण सभेने नाव सांगितलंच नाही.

हे रकाने भरले की त्याने माघार का घेतली नाही ते कळतं, आणि मला या खटल्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. शपथेवर मत सोडतो म्हणायचं म्हणजे ते मत आपलं होतं हे कबूल करायचं, जे कधी बोललोच नाही ते सोडू कसं, देवासमोर खोटी शपथ घेऊ कशी, हा त्याचा प्रश्न होता आणि सभेकडे त्याचं उत्तर नव्हतं.

मग राजकारण बघा. त्या वेळी तीन जण एकाच वेळी स्वतःला पोप म्हणवत होते, सभा मुख्यतः तो घोळ निस्तरायला भरलेली. सम्राट होऊ घातलेल्या सिगिस्मुंडने हुसला सुरक्षेचं पत्र दिलेलं, तरी पोचल्यावर महिन्याभरातच त्याला अटक झाली. वर्णन कुणाचं आहे हेही तपासा, कारण जो सगळ्यात जिवंत वृत्तांत मिळतो तो म्लाडोनोविसच्या पेत्रचा, तो हुसच्या बाजूचा माणूस, तिथे हजर होता पण तटस्थ नव्हता. सभेचे कागद शेजारी ठेवूनच वाचा.

पुढची हुसाइट युद्धं, म्हणजे हुसच्या अनुयायांची युद्धं, पहिल्या वाचनात वरवर चाळली तरी चालेल. त्याऐवजी १५१९ चा लाइपझिगचा वाद घ्या, तिथे पोपच्या बाजूचा धर्मपंडित योहान एक (Eck) याने ल्यूथरला हुसवरून कोंडीत पकडलं आणि ल्यूथरला सगळ्यांसमोर म्हणावं लागलं की हुसची बरीच मतं अस्सल ख्रिस्ती आहेत. मग १५२१ चं वर्म्स, म्हणजे ल्यूथरची सम्राटासमोर चौकशी झाली ती त्या शहरातली सभा, आणि तिथेही तेच दोन रकाने पाडा. ल्यूथरसमोर त्याची पुस्तकंच मांडून ठेवली होती आणि ती माझीच आहेत असं तो म्हणाला, त्यामुळे दुसरा रकाना जवळपास रिकामा राहील.