याउंदे ते दोलिझी : जंगलातून ट्रक नेताना

कॅमेरूनमधलं याउंदे सोडलं की एबोलोवा, अम्बाम, मग गॅबनमध्ये बितम, ओयेम, न्जोले, लाम्बारेने, मुइला, न्देन्दे आणि शेवटी काँगो-ब्राझाव्हिलमधलं (मोठ्या शेजारी काँगोमधलं नव्हे) दोलिझी. ओव्हरलँड ट्रकवर, म्हणजे प्रवाशांना घेऊन देशोदेशी रस्त्याने फिरणाऱ्या ट्रकवर, मी या रस्त्याला ड्रायव्हरची जोडीदार असते. कागदपत्रं सांभाळते, पुढे चालत जाऊन रस्ता बघते, रात्री चूल पेटवते. ‘किती दिवस लागतील?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, ‘निघताय कोणत्या महिन्यात?’

जुलै-ऑगस्टमध्ये निघा. दक्षिण कॅमेरूनमध्ये तेव्हा पावसाची छोटी उघडीप असते आणि विषुववृत्ताखाली जून ते सप्टेंबर कोरडा हंगाम चालू असतो. आभाळ दिवसभर भरलेलं राहतं, पण पडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळाच. मुख्य रस्ता बराचसा डांबरी आहे. त्रास होतो तो जांभ्याच्या लाल मातीच्या पट्ट्यांवर. न्देन्दे ते दोलिझी या टप्प्याचं नाव ट्रकवाल्यांत त्यासाठीच घेतलं जातं. कॅमेरूनमध्ये कच्च्या रस्त्यांवर पावसात आडवा दांडा टाकतात, त्याला ‘बॅरिएर द प्लुई’ म्हणतात. पाऊस थांबून रस्ता जरा सुकेपर्यंत जड गाड्या सोडत नाहीत. तिथे हुज्जत घालू नका. ओल्या मातीवरून एक ट्रक गेला तरी खोल चाकोऱ्या पडतात आणि मागच्या सगळ्यांची वाट बंद होते.

ट्रक रुतला की पहिली गोष्ट : अॅक्सिलरेटर सोडा. चाक जागेवर फिरलं की प्रत्येक फेऱ्याला खाली जातं. सगळ्यांना खाली उतरवा आणि कुणीतरी आडवं पडून ट्रकच्या पोटाखाली बघा. बहुतेक वेळा खरा अडथळा चाकांचा नसतो. लाकूड वाहणाऱ्या ट्रकनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात की मधला उंचवटा डिफरन्शियलला, म्हणजे आसाच्या मधोमध असलेल्या गिअरच्या पेटीला, टेकतो आणि चाकं अर्धी अधांतरी राहतात. म्हणून आधी डिफरन्शियलखालची माती काढायची, तीही लांब दांड्याच्या फावड्याने, बाजूने, हळूहळू. मग चारही चाकांच्या पुढे उतार खणायचा. चाकापुढची उभी भिंत तशीच ठेवून खाली पत्रे (रुतलेल्या चाकाला पकड देणाऱ्या लांब धातूच्या पट्ट्या) सरकवले, तर इंजिन कितीही दमदार असलं तरी ट्रक हलत नाही. चाकोरीत पाणी साचलं असेल तर बाजूला चर काढून ते आधी वाहून जाऊ द्या. घाई करणारे हेच विसरतात. टायरमधली हवा थोडी कमी करा, पत्रे चाकाखाली घट्ट बसवा, जॅकखाली जाड फळी हवीच. ट्रक निघाला की ड्रायव्हरने टणक जमीन लागेपर्यंत थांबायचं नाही. मागे राहिलेले पत्रे आपण उचलून आणायचे. ट्रक चालू असताना पुढे किंवा मागे कुणी उभं राहू नये. पत्रा चाकाखालून उडतो.

गावातली मुलं आणि जवान माणसं मदतीला येतात. हात लावण्याआधीच मजुरी ठरवा आणि ठरलेली पूर्ण द्या. त्यांचं अंग मोडतं, तो त्यांचा रोजगार आहे.

ओंडक्यांचा पूल आला तर प्रवासी पायी पलीकडे. फळ्या सरकल्या असतील तर चाकांच्या रेषेत लावून घ्या आणि ट्रकसमोर एकाच माणसाने हाताने दिशा दाखवावी. दोघे दाखवायला लागले की ड्रायव्हर गोंधळतो. समोर धुळीचा लोट दिसला की दिवे लावून कडेला व्हा. ओंडके भरलेला ट्रक उतारावर तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

मुक्काम अंधार पडायच्या आत मागा. इथे दिवस सहा-साडेसहालाच मावळतो. गावात शिरून थेट तंबू ठोकणं हा अपमान आहे. आधी ‘शेफ’ म्हणजे गावचा मुखिया कुठे बसतो ते विचारा. गॅबनमध्ये बऱ्याच गावांत चारी बाजूंनी मोकळी एक शेड असते, पुरुषमंडळी तिथे बसून बोलतात. तिला ‘कोर द गार्द’ म्हणतात. टोपी काढा, ‘बोंजूर’ म्हणा, प्रत्येकाशी हात मिळवा, बसायला सांगितलं की बसा. कुठून आलात, कुठे जाणार, सोबत किती माणसं, हे सगळं सांगून झाल्यावरच जागेचा विषय काढा. बहुधा शाळेचं मैदान मिळतं. साबण, मीठ, साखर मुखियाच्या हाती द्या. मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटू नका. पुढच्या प्रत्येक गाडीमागे ती रस्त्यावर धावतात.

खाण्याची काळजी शाकाहारी माणसानेही फार करू नये. कॅमेरूनमध्ये सकाळी रस्त्याकडेला भजी आणि शिजवलेला राजमा मिळतो. पुढे तळलेली केळी, शेंगदाणे, अॅव्होकॅडो आणि कसाव्याचा ‘बातों’ मिळतो. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कंद. बायका तो काही दिवस पाण्यात आंबवतात, त्यातलं विष त्याने उतरतं. मग कुटून, पानात लांबट गुंडाळून, दोऱ्याने आवळून वाफवतात. ओढ्याकाठी आंबूस वास आला की गाव जवळ आलं समजा. पालेभाजीत सुकी मासळी असतेच, तेव्हा आधी विचारा. रस्त्याकडेला टांगलेली माकडं, खवलेमांजरं विकत घेऊ नका. जंगली मांस हाताळण्यातून इबोला माणसांत आलेला आहे.

पैशांचं सोपं आहे : कॅमेरून, गॅबन, काँगो तिन्हीकडे मध्य आफ्रिकेचाच सीएफए फ्रँक चालतो. एका युरोला 655.957 हा दर बांधलेला आहे. पश्चिम आफ्रिकेच्या सीएफए नोटा मात्र दुकानदार घेणार नाही. व्हिसे आधी काढून ठेवा. नाव, पासपोर्ट क्रमांक, व्यवसाय, ट्रकचा नंबर असा तपशील असलेला छापील कागद प्रत्येक नाक्यावर मागतात. त्याच्या भरपूर प्रती हव्यात. पूल आणि पोलीस यांचे फोटो काढू नका.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्याआधीच सुरू करा आणि परतल्यावर सांगितल्या मुदतीपर्यंत घ्या. धुतलेले कपडे गवतावर पसरू नका. टुम्बू माशी ओल्या, मातकट जागी अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. ट्रकच्या आत दोरी बांधा, इस्त्री मिळाली तर शिवणीवरून नीट फिरवा.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. 2016 पासून हा दाखला आयुष्यभर चालतो. तो पासपोर्टला लावून ठेवा, कारण तो परतीच्या वेळी मुंबईतही लागतो. दाखला नसेल तर या देशांतून आलेल्या माणसाला 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.