पापणीच्या कडेचा दाह : रुग्णाला काय विचारावे, काय पाहावे

वर्षातून तीन-चार वेळा ‘डोळे येतात’ अशी तक्रार घेऊन प्रौढ रुग्ण आला, तर पहिली शंका पापण्यांच्या कडांची घ्यावी. संसर्गाने येणारे डोळे बहुधा एका बाजूने सुरू होतात, काही दिवसांत दुसरा डोळाही लाल होतो, अनेकदा घरात आणखी कोणाला तेच झालेले असते आणि दोन-तीन आठवड्यांत सारे निवळते. ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेचा दाह, मात्र सहसा दोन्ही डोळ्यांत असतो व कमीअधिक होत महिनोन्‌महिने रेंगाळतो. म्हणून ‘कधीपासून?’ एवढ्यावर न थांबता, मधल्या काळात डोळे पूर्ण बरे होते का, हेही विचारावे.

त्यानंतरचा प्रश्न दिवसाच्या वेळेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी. जळजळ, खाज आणि कचरा गेल्यासारखे खुपणे सकाळी उठल्यावर अधिक असेल, तर कल पापणीच्या दाहाकडे जातो. अश्रू कमी पडल्याने कोरडे झालेले डोळे दिवस चढेल तसे जास्त त्रास देतात. अर्थात पुष्कळ रुग्णांत दोन्ही एकत्र नांदतात. वाचताना अक्षरे धूसर होतात आणि उघडझाप केली की स्पष्ट दिसतात, असे कोणी सांगितले तर तैलग्रंथींचा विचार करावा. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा या मायबोमियन ग्रंथी असतात. त्यांचे तेल घट्ट झाले की अश्रूंचा थर लवकर फाटतो. वारंवार होणारी रांजणवाडी हीदेखील याच बिघाडाकडे बोट दाखवते.

डोक्यातला किंवा भुवयांतला कोंडा, गालांवर येणारी लाली, मुरुमांसाठी घेतलेले आयसोट्रेटिनॉइन, काजळ, केसांचा कलप आणि जुनेच चालू ठेवलेले डोळ्यांचे थेंब यांची चौकशी नाव घेऊन करावी, कारण रुग्ण त्यांचा डोळ्यांशी संबंध जोडत नाही आणि आपणहून सांगत नाही.

मग उजेडात कडा नीट पाहाव्यात. तेलकट, सुटे पापुद्रे कोंड्याच्या प्रकृतीशी जुळतात. कोरड्या, चिकट खपल्या आणि त्या काढल्यावर दिसणारे बारीक व्रण जिवाणूंचा हात सुचवतात. पापणीच्या केसाला मुळाशी नळीसारखे वेढणारे आवरण डेमोडेक्स या सूक्ष्म किडीचे लक्षण मानले जाते. रुग्णाला खाली पाहायला सांगून वरच्या पापणीचे केस तपासले नाहीत, तर हे आवरण हमखास नजरेतून सुटते.

दृष्टी कमी होणे, तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, कपाळावर किंवा पापणीवर पाण्याचे फोड येणे, अथवा ताप व सुजेसोबत डोळा हलवताना दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. तोवर स्टिरॉइडचे थेंब देऊ नयेत.

एकाच पापणीत टिकून राहिलेला दाह, तिथले केस गळणे किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा उठणारी गाठ यांना घाई नसली तरी ढिलाईही चालत नाही. तैलग्रंथीचा कर्करोग असाच साध्या दाहाच्या वेषात येतो आणि भारतात तो पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत अधिक आढळतो. अशा वेळी मलम बदलून पाहण्यापेक्षा ऊतीचा तुकडा तपासणीसाठी घ्यावा लागेल, हे रुग्णाला स्पष्ट सांगून पुढे पाठवावे.